वहिनीचं चुकलेलं उत्तर

आमच्या वहिनीला हसता येत नाही, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. तिला हसू वाया घालवायला आवडत नाही, एवढंच. एखादी गोष्ट खरोखर हसण्यासारखी आहे की नाही, हे ती आधी नीट तपासून बघते. तिचं तपासून होईपर्यंत बाकीचे हसून, डोळे पुसून, दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

अशा बाईला घेऊन मी विनोदी पॉडकास्ट काढायचं ठरवलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पण मला माहीत होतं मी काय करतेय. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोक मला प्रश्न विचारतात आणि मी त्यांना उत्तर सोडून बाकी सगळं देते. दिलगिरी देते, तक्रार क्रमांक देते, थोडी कळ काढा म्हणते. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाला कधीतरी, कोणाला तरी, एक खरं उत्तर द्यावंसं वाटायला लागतं. आणि खरं उत्तर देणारं एकच माणूस माझ्या ओळखीत होतं. माझ्या भावाची बायको. ती कपडे आल्टर करते. कोणी ढगळ कोट घेऊन आलं आणि "वहिनी, हा मला शोभेल ना?" असं विचारलं, तर ती म्हणते, "शोभणार नाही. पण बसेल."

तिचं दुकान लाँड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध आहे. पुढे मशीन, कापायचं मोठं टेबल आणि उभा आरसा. गिऱ्हाईक आरशासमोर छाती काढून उभं राहतं आणि वहिनी त्याच्या पायाशी बसून पँट दुमडत असते, तोंडात टाचण्या धरून. माझ्या मते तिचा सगळा स्वभाव या टाचण्यांनीच घडवलाय. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला फापटपसारा बोलता येत नाही, आणि हसायचं तर नावच काढायला नको. उलट समोरचा माणूस मात्र, खाली बसलेल्या आणि गप्प असलेल्या बाईला, आपल्या आयुष्यातलं काय वाट्टेल ते सांगून मोकळा होतो. लोकांना तिच्याशी बोलायची सवय आधीपासूनच होती. मी फक्त मध्ये माइक नेऊन ठेवला.

पुढची गोष्ट कळायला शिवणकामातला एक शब्द माहीत असायला हवा. माया. शिवणीच्या आत दुमडून राखलेलं जास्तीचं कापड, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं, तर शिवण उसवून तेवढं सोडता येतं. हे आज मला माहीत आहे. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळेत होते आणि अंगाने अशी वाढत होते की गणवेशाचा झगा काखेत काचायला लागला. तो आईने स्वतः शिवला होता आणि तिला त्याचा कोण अभिमान! नव्या सुनेने तो उलटा केला, शिवण चिमटीत धरून उजेडात बघितली आणि सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "आईंनी यात माया ठेवलेलीच नाही."

आई ताडकन उठून आत गेली. पुढचे काही दिवस ती सुनेशी बोलली नाही. शेजारणीला मात्र सांगून आली, "घरात येऊन आठवडा झाला नाही, आणि बाईसाहेब माझी माया मोजायला बसल्या." वहिनीला आपलं काय चुकलं तेच कळेना. तिने मुकाट्याने झग्याच्या काखेत दुसऱ्या कापडाचा जोड दिला आणि मी तो झगा पुढे वर्षभर घातला. नंतर उलगडा झाला तेव्हा सगळ्यात जास्त आईच हसली. वहिनी हसली असेल तर आम्ही तेव्हा घरात नसू.

कार्यक्रमाचं नाव आम्ही ठेवलं 'विचारा वहिनींना'. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मागच्या खोलीत आम्ही तो रेकॉर्ड करतो. पडदा सारून आत गेलं की दोन्ही भिंतींना दांडे आहेत आणि त्यांवर लोकांचे कोट, झगे, पँटी टांगलेल्या. त्यांच्यामुळे आवाज घुमत नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते भिंतीला स्पंज लावून घेतात, आमचं काम परक्यांच्या पँटींवर भागतं. एखादं गिऱ्हाईक कपडे घेऊन गेलं की त्या आठवड्यात माझा आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

लोक आपला प्रश्न आवाजात बोलून पाठवतात. मी तो फोनवर लावते, आधी त्यावर स्वतः भरपूर अक्कल पाजळते, नकला करते आणि मग वहिनीकडे वळते. तिने प्रश्न आधी ऐकलेला नसतो. ऐकायचाच नाही, अशी तिचीच अट आहे. म्हणते, "आधी ऐकला तर मी चांगलं बोलायला बघेन." मशीनचा आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ती हाताने बटणं लावत बसते. रिकाम्या हातांनी तिला बोलायला सुचत नाही.

एकदा एका गृहस्थांनी विचारलं, की ऑफिसात सगळे मला सर, सर करतात आणि घरात कुत्रं विचारत नाही, काय करू? मी त्यावर घरात हजेरीपट लावण्यापासून बायकोला बढती देण्यापर्यंत सगळे उपाय सांगून झाले. वहिनीने दोरा दाताने तोडला.

"ऑफिसात तुमच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला तर त्याला काय म्हणतील?"

"सरच म्हणतील," मी त्यांच्या वतीने म्हटलं.

"मग खुर्ची घरी आणा."

आणखी एकाची तक्रार होती, की शेजारी पहाटे गातो आणि बेसूर गातो, त्याला कसं सांगू? वहिनी म्हणाली, "सुरात गायला असता तर तुम्ही उठून ऐकलं असतंत का? नाही ना? मग सुराचं नाव काढू नका. झोपेचं बोला. सुरावरून भांडण होतं, झोप सगळ्यांना लागते."

असं आमचं चाललं होतं. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते चिकट होते. कार्यक्रम शिवणाच्या दुकानातून होतो हे कळल्यापासून काही आगाऊ लोक मुद्दाम शिवणाच्या भाषेत प्रश्न पाठवायला लागले. माझं बायकोशी फाटलंय, कोणत्या दोऱ्याने शिवू? साहेबांचा खिसा कापायचा आहे, कात्री कोणती? मला असले प्रश्न आवडायचे. वहिनीला त्यातला विनोद दिसायचा नाही, ती दोऱ्याचा नंबर सांगून मोकळी व्हायची. लोकांना नेमकं तेच हवं असायचं.

अशात एका बाईचा निरोप आला. साधा, मध्यमवयीन आवाज. "नमस्कार वहिनी. तुम्ही सरळ सांगता म्हणून विचारते. आत माया उरलीच नसेल तर काय करायचं हो? सगळीकडून ताण पडतोय. अजून किती ओढायचं तेच कळत नाही." आणि शेवटी ती जराशी हसली.

त्या हसण्यामुळे मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. वहिनीला वाटलं, बाईचा कोट उसवलाय. यांतलं काहीच नव्हतं.

वहिनीने हातातलं बटण खाली ठेवलं, म्हणजे विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता. "काखेतच ताण येत असणार," ती म्हणाली. "माया नसेल तर उसवायला जाऊ नका, आहे तेही हातचं जाईल. जोड द्या. रंग जुळला नाही तरी चालतं, काखेत कोण बघायला येतंय? आणि जोड देऊन होत नाही, तोवर हात वर करायचे नाहीत. अजिबात नाहीत. हात वर केलेत की संपलं."

मी इतकी हसले की माइक कलंडला. तोही आवाज मी तसाच ठेवला.

तो तुकडा कसा कोण जाणे, सगळीकडे पसरला. आमचा कार्यक्रम कधीही न ऐकलेले लोक एकमेकांना तो पाठवायला लागले. 'तोवर हात वर करायचे नाहीत' हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकलं, आणि म्हणणाऱ्याला ते कोणाचं आहे हे माहीतही नव्हतं. वहिनीच्या दुकानात एक तरुण मापाला उभा राहिला आणि डोळे मिचकावत म्हणाला, "वहिनी, आता हात वर करू का?" ती म्हणाली, "करा. छातीचं माप घ्यायचंय." लोक आपल्याला का हसतात हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, "अगं, लोक खूश आहेत तुझ्यावर." ती म्हणाली, "खूश असलेलं माणूस असं बघत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बाईचा दुसरा निरोप आला. तो मी जेवणाच्या सुट्टीत ऐकला आणि डबा न उघडता रजा टाकून थेट दुकान गाठलं.

वहिनी एका माणसाच्या पायाशी बसून पँट दुमडत होती. मी म्हटलं, "हे आत्ता ऐक." तिने मान हलवली, तोंडात टाचण्या होत्या. मी फोन तिच्या कानाशी धरला.

"मी ती माया विचारणारी," बाई म्हणत होती. "ते कोटाचं नव्हतं, वहिनी. माझी आई अंथरुणाला खिळलीये. बरीच वर्षं. मी एकटीच करते तिचं. आता तिच्याबद्दल मला काही वाटतच नाही. मी भावाला फोन करणार होते, की काही महिने तू ने तिला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, हात वर करायचे नाहीत. म्हणून नाही केला. आता बघते तर सगळे त्या वाक्यावर हसतायत. म्हणून एवढंच विचारते, ते तुम्ही मला सांगितलं होतंत, की असंच? कारण माझ्याने खरंच होत नाहीये."

वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. मग त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही उद्या या."

"आणि ही पँट?"

"अशीच घालून जा. टोचेल, जपून चाला."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मी तिला निरोप पाठवते, की गैरसमज झाला, माफ करा. मी लिहिते, तू बघ." असली पत्रं मला झोपेतही लिहिता येतात.

"काही लिहू नकोस," वहिनी म्हणाली. "तिने चारचौघांत विचारलं. चारचौघांत लोक तिला हसले. उत्तर पण चारचौघांत द्यायचं. चल आत."

"आत्ता? अगं, काय बोलणार आहेस ते तरी ठरव."

"ठरवलं की खोटं बोलेन."

आम्ही मागच्या खोलीत बसलो. ही खोली आईची होती. दोन्ही दांडे नंतर लावले. शेवटची काही वर्षं इथे आईची खाट होती. भाऊ लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले निम्मे दिवस गावाबाहेर. वहिनी पुढे मशीन चालवायची आणि आईने हाक मारली की पडदा सारून आत यायची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होते, दर रविवारी यायचे. सून असावी तर अशी, असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, आणि मी ते अभिमानाने ऐकून घ्यायचे, जसं काही मीच तिला शिकवलं होतं.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. नेहमीची सलामी दिली नाही. वहिनीच्या हातात बटण नव्हतं, दोरा नव्हता. ती माइककडे बघत राहिली.

"ताई, मला वाटलं तुम्ही कोटाचं विचारताय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नव्हतं ते. ते कापडासाठी होतं. तुम्ही त्याच्यावर चालू नका. चूक माझी आहे."

मग ती थांबली. मला वाटलं, झालं. मी रेकॉर्डिंगच्या बटणाकडे हात नेला.

"माझ्या सासूबाई याच खोलीत होत्या," ती म्हणाली. "मी त्यांचं सगळं केलं. आंघोळ, जेवण, सगळं. पण शेवटी शेवटी माया नव्हती. संपली होती. घास भरवताना मनात यायचं, हे संपू दे एकदाचं. त्या सुटाव्यात म्हणून नाही. मी सुटावं म्हणून."

माझं डोकंच भणभणलं. ही माझ्या आईबद्दल बोलत होती. माझ्यासमोर, तिच्याच खोलीत बसून, जगाला ऐकू जाईल असं. मला त्या क्षणी वहिनीचा इतका राग आला की माइक उचलून बाहेर फेकावासा वाटला. माझं बोट बटणावरच होतं.

"बंद करू नकोस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी बोट काढलं. पण विचारल्याशिवाय राहवेना. "आईला कळलं होतं?"

"कळणार नाही? पाठ पुसताना कळतंच. एकदा म्हणाल्या, 'आज हात रागावलेत वाटतं तुझे.' मी म्हटलं, हो, रागावलेत. मग थोड्या वेळाने म्हणाली, 'रागावलेले का असेनात, गरम आहेत.'"

म्हणाली. वहिनीने आईला जन्मभर अहो-जाहो केलं. भांडतानाही केलं, आई गेल्यावरही केलं. आईला अगं-तुगं करायचा हक्क या घरात फक्त आम्हा पोटच्या मुलांचा होता. इथे ती घसरली, आणि आपण घसरलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. माझा राग तिथल्या तिथे विरून गेला आणि मला रडू यायला लागलं. आईसाठी नाही. या बाईसाठी, जी माया संपली म्हणत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता, तो तसाच रेकॉर्ड झालाय.

"तू रविवारी यायचीस," वहिनी म्हणाली. "नकला करायचीस. आई तुझ्याकडे बघत बसायच्या. तेवढ्यात मी पुढे जाऊन कापायच्या टेबलाखाली झोपायचे."

"टेबलाखाली?"

"वर कोट पसरलेले असायचे." तिला यात विचित्र काही वाटत नव्हतं. "तू लवकर निघालीस की तुझा फार राग यायचा."

"अगं मग म्हणायचंस ना, आणखी थांब! मी थांबले असते. मी रोज आले असते."

"माहितीये."

"मग?"

वहिनीने मांडीवरचे दोन्ही हात उलटे करून बघितले. "मला वाटायचं, तू विचारशील."

आमच्या कार्यक्रमात शांतता पसरू द्यायची नाही, हे माझं काम आहे. कोणी थांबलं की मी काहीतरी बडबडते. त्या दिवशी मात्र लाँड्रीतला पंखा भिंतीपलीकडे घरघरत होता, तेवढंच त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

मग वहिनी माइकजवळ सरकली. इतकी जवळ, की तिचा श्वास माइकला लागत होता. एरवी मी तिला मागे सरकवलं असतं.

"ताई, कोणी विचारेल म्हणून थांबू नका," ती म्हणाली. "आज फोन करा भावाला. तो हो म्हणेल का नाही, ते मला माहीत नाही. नाही म्हणाला तर दुसऱ्या कोणाला करा. पण म्हणा, माझ्याने होत नाही. तोंडाने म्हणा. मी म्हटलं नाही."